वारा पाठीशी

३ ऑक्टोबर २०१७, मंगळवार

मॉर्वेन, आमचा कॉम्प्युटरवरचा खेळ, उतरला एकदाचा. सलीमनं पुण्यात बसून बटण दाबलं, भेट म्हणून, आणि उंद्रीत माझ्या सेवा केंद्रातल्या लॅपटॉपवर तो यायला परवापासून आज दुपार झाली. मध्ये लाइट, मध्ये नेट, मध्ये गिऱ्हाईक. सातबारा काढायला आलेल्या बाया विचारत होत्या, "ताई, ते निळं काय सरकून राह्यलं?" सांगितलं, सरकारी काम आहे.

खेळ तोच, पण 'सुधारित'. चित्रं नवी, आवाज नवे, नियम सोपे. जाहिरात म्हणते, तुम्हाला जे आवडलं होतं ते सगळं, फक्त आणखी चांगलं. बीटी कापसाच्या बियाण्याच्या पाकिटावर दरवर्षी हेच छापलेलं असतं, आणि यंदा बोंड फोडून पाहा, आत गुलाबी अळी आरामात बसलेली.

टोळी बांधली, आपली जुनी नावं देऊन. कल्लू पहेलवान सलीमचा, पुढं उभा राहून मार खाणारा. चिमणी माझी, कुलपं उघडणारी. बुवा गजाचा, जादूगार. बाकीचे तिघं वाटेत भेटतात. चिमणीचा चेहरा बदलून टाकलाय. जुन्या चित्रात मोडक्या नाकाची, रागीट, चांगली चाळिशीची बाई होती. आता गाल गुलाबी, केस उडताहेत. हिच्यासाठी कुणीही आपणहून दार उघडेल. कुलपाशी हिचं काय काम?

पहिल्याच दिवशी डोकं फिरलं. पण बंदही केला नाही.

४ ऑक्टोबर

(यापुढे जु. म्हणजे जुना मॉर्वेन, न. म्हणजे हा नवा. रोज पूर्ण लिहायला हात रिकामा नाही.)

न. मध्ये जमिनीवर बाण येतो. इकडे जा, आता तिकडे जा, या म्हाताऱ्याशी बोला. जु. मध्ये कुणी सांगायचं नाही. खामगावला सलीमच्या अब्बांच्या जिनिंगच्या ऑफिसात एकच कॉम्प्युटर, रविवारी रिकामा. अकरावीतले आम्ही तिघं आणि एक माउस. सीडी कुणाची तरी उतरवून आणलेली, सोबतचं पुस्तक नाही. इंग्रजी तिघांचं मिळून एकाचं व्हावं इतकं. त्यामुळे खेळाचे अर्धे नियम आम्हीच ठरवलेले. माउस ज्याच्या हातात, त्यानं बाकी दोघांना विचारल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. कमजोर माणूस मधे. आणि सगळ्यात मोठा नियम गजाचा: वारा पाठीशी.

बुवाकडे एक मंत्र होता, हिरवा विषारी ढग. आम्ही त्याला फवारा म्हणायचो, दुसरं काय म्हणणार. पहिल्यांदा मारला तेव्हा आपलीच चार माणसं त्यात खोकत मेली. सलीम बोंबलला. गजा मात्र खुर्ची पुढं ओढून पडद्याकडे बघत बसला, मग म्हणाला, "झाडं पाय ना बे. इकून तिकडं हालून राह्यली. आपून वाऱ्याच्या तोंडाशी उभे होतो." पडद्यावरची झाडं खरंच डावीकडून उजवीकडे डुलायची, कायम. तेव्हापासून फवारा मारायचा तर डाव्या अंगानं. मग त्यासाठी अख्ख्या जंगलाला वळसा घालावा लागला तरी चालेल. सलीम वैतागायचा, पण वळसा घालायचा. त्यानंतर आपलं माणूस फवाऱ्यात कधी गेलं नाही.

गजाचा बाप आयुष्यभर फवारणी करत आला होता. पोरगं दुसरं काय शिकणार.

५ ऑक्टोबर

संताप. न. मध्ये फवारा आपल्या माणसांना लागतच नाही. मुद्दाम मारून पाहिला. हिरव्या ढगात चिमणी, कल्लू, सगळे उभे, केस उडताहेत, कुणी खोकत नाही. शत्रू तेवढे पडले. वर विष कुणाला बाधलंच, तर लढाई संपल्यावर आपोआप उतरतं.

सलीमला फोन लावला.

"अगं, ते सेटिंग हाये. 'मूळ नियम' कर, पहिल्यासारखं होते."

"मग आधीच तसा का नाही दिला?"

"लोकायले त्रास नको असते, साधना. दिवसभर ऑफिस करून घरी आल्यावर कोन मरते बसून?"

म्हणजे दुसऱ्याला मारायचं आणि आपल्याला काही व्हायचं नाही, याला सुधारणा म्हणायचं. त्याला तसं म्हटलं. तो हसला. म्हणाला, तू अजून तशीच भांडते. भांडते तर भांडते.

७ ऑक्टोबर, शनिवार

गजाला दवाखान्यात नेलं.

सकाळी स्वतःच्याच वावरात फवारत होता. दुपारी रंजना, त्याची बायको, भाकर घेऊन गेली तर हा बांधावर बसलेला, तोंडातून लाळ, तिला ओळखेना. चिखलीहून लगेच बुलडाण्याला पाठवलं. रंजनाच्या फोनवर नुसतं रडणं. मी केंद्र तसंच टाकून

नंतर लिहीन.

८ ऑक्टोबर

शुद्धीवर आहे. डॉक्टर म्हणतात, वेळेत आणला. डोळ्यापुढं धूर दिसतो म्हणतो, माणसाचा आकार कळतो, चेहरा नाही. येईल नजर म्हणाले, किती येईल ते सांगत नाहीत.

वॉर्डात आणखी असेच आहेत, सगळे पऱ्हाटीतले, कापसात फवारणारे. यंदा पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली आहे, पंपाची नळी वर धरावी लागते आणि सगळं अंगावर येतं. अळीला एक औषध पुरेना म्हणून दुकानदार दोन मिसळून द्यायला लागले. हे सगळ्यांना माहीत आहे. नर्सबाईला, शेजारच्या पेशंटच्या म्हाताऱ्याला, मला. तरी जो येतो तो आधी हेच विचारतो, "मास्क काऊन नव्हता बांधला?" खाटेवर पडलेल्या माणसाला. मास्क आणायचा कुठून ते कुणी सांगत नाही. दुकानात औषधाचा ढीग, मास्क नाही.

मी कॉटजवळ गेले तर आवाजावरून ओळखलं. हात धरला. म्हणाला, "साधने, म्या वारा पाठीशीच घेतला होता. आईशपथ."

म्हटलं, माहीत आहे मला.

"शेंडे पाहूनच घेतला होता."

हो रे बाबा.

झोपेपर्यंत तेच म्हणत होता.

११ ऑक्टोबर

केंद्रावर आज दुसरा विषयच नाही. सगळे फवारणीतले तज्ज्ञ झालेत. एक जण, ज्याच्या वावरात वर्षानुवर्षं मजूरच फवारतो, मला सांगतो, "वारा उल्टा घेतला असंन गज्यानं. घाई करते तो." मी म्हटलं, गजा तुमच्यापेक्षा तरी वारा ओळखतो. तर म्हणे, "मंग होईन कसं?"

या 'मग होईल कसं'ला उत्तर नाही आणि त्यामुळे ते खरं ठरतं. दुपारपर्यंत हेच अख्ख्या गावाचं मत झालं. मी रागात दोघांचे आधार कार्डाचे अर्ज चुकीचे भरले, परत भरले.

काय सांगू यांना? की हा माणूस सतराव्या वर्षी, खेळात, पडद्यावरची झाडं बघून उभा राहायचा? साक्ष म्हणून हे कुठं चालेल? पण माझ्याकडे याहून पक्का पुरावा नाही. त्याला मी जेवढा फवारताना पाहिलाय, तेवढा त्याच्या बायकोनंही पाहिला नसेल.

१३ ऑक्टोबर, शुक्रवार

दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. न. उघडला, मूळ नियम लावून. म्हटलं, बुवा घेऊन जंगलात जावं, गजासारखा वळसा घालावा. देवाला नारळ फोडतात तसं काहीतरी मनात असावं.

न. मध्ये झाडं एका बाजूला डुलत नाहीत. जो तो आपापल्या दिशेनं. पहिला संताप तिथंच. नुसतं शोभेला हलवायचं, मग कसंही हलवा.

मग फवारा निवडला तर जमिनीवर लाल गोल रिंगण उमटलं. ही पण सुधारणा. ढग कुठपर्यंत जाईल ते आधीच दाखवतात. डाव्या अंगानं जाऊन धरला, तेवढंच रिंगण. उजवीकडून तेवढंच. मागून, पुढून, तेवढंच. ढग त्या रिंगणाच्या बाहेर बोटभरही सरकत नाही, आत आलेल्याला सोडत नाही. तुम्ही कुठंही उभे राहा, फक्त रिंगणाच्या बाहेर राहा.

सलीमला निरोप टाकला, जु. मध्ये पण असंच होतं का? त्याचं उत्तर आलं: हाव, मूळ हिशेब तोच, फक्त आता दिसतो. पुढं एक हसरा चेहरा.

म्हणजे वारा नव्हताच. इतके रविवार आम्ही नसलेल्या वाऱ्याला पाठ देऊन उभे राहिलो. वळसा घालता घालता आपोआप लांब व्हायचो, म्हणून वाचायचो. बस, एवढंच.

मला कुणी मारल्यासारखं झालं. खेळ आहे, ठाऊक आहे. पण गजा दवाखान्यात त्याच एका गोष्टीला धरून पडलाय.

त्याला हे कळता कामा नये. सलीमलाही सांगायला हवं होतं, गजापुढे बोलू नको म्हणून. उद्या सांगते.

१६ ऑक्टोबर, सोमवार

गजा घरी आला. भिंतीला हात लावत चालतो. पोरांना आवाजावरून हाक मारतो. तंबाखू सोडली म्हणतो, रंजना म्हणते सुटली, सोडली नाही.

संध्याकाळी जीप आली. कृषी सहायक, सोबत आणखी दोघं. सहायक पोरगेला आहे, बोलायला मऊ, माझ्याच केंद्रावर झेरॉक्स काढतो. खोक्यातून किट काढलं: पांढरा झगा, मास्क, चष्मा, हातमोजे. गजाला अंगणात उभा करून सगळं घातलं. ज्याला दिसत नाही त्याच्या डोळ्यावर चष्मा चढवला. मग फोटो. "थोडं इकडे बघा काका." त्याला इकडे म्हणजे कुठं तेच कळेना, तर एकानं हनुवटी धरून तोंड वळवलं.

मी म्हटलं, "हे श्रावणात का नाही आणलं?"

सहायक म्हणाला, "ताई, आत्ताच आलं वरून. आजच वाटप सुरू केलं."

मी म्हटलं, ज्याला झालं त्याच्यापासून सुरू केलं होय.

त्यानं मान खाली घातली. त्याच्यावर ओरडून काय होणार, हे मलाही कळतं. तरी ओरडले. फोटो गावाच्या ग्रुपवर तासाभरात आला. खाली अंगठ्यांची रांग.

१७ ऑक्टोबर

सहायक परत. आज जबाब. छापील कागद, त्यानं मोठ्यानं वाचला. 'फवारणीच्या वेळी वाऱ्याची दिशा'. पुढे दोन रकाने, अनुकूल आणि प्रतिकूल. त्यानं आधीच प्रतिकूलवर बरोबरची खूण करून आणलेली. खाली ओळ: सदर घटना माझ्या निष्काळजीपणामुळे घडली, कोणाविरुद्ध तक्रार नाही.

मी तिथंच होते, डबा द्यायला गेलेले. विचारलं, प्रतिकूल कुणी सांगितलं तुम्हाला?

"ताई, अनुकूल टाकलं तर वरून विचारतात, मग बाधा झाली कशी? फाइल परत येते."

त्याच्याही तोंडी तेच. मग झालं कसं.

मला वाटलं गजा उसळेल. तो बाजेवर बसून गुडघ्यावर बोटं फिरवत होता. म्हणाला, "असंन बा. पाठीशी असता तं झालंच नसतं. झालं म्हंजे नव्हता. माहीच चूक असंन."

"गजा, तू शेंडे बघितले होते."

"मले वाटलं असंन तसं. डोकं तं तवाच फिरलं असंन."

रंजना चौकटीतून म्हणाली, "करा सही अन् मोकळे व्हा. रोज रोज गाडी दारात, लोक पाह्यतात."

नशीब, गजाला सहीची ओळ दिसेना आणि अंगठ्यासाठीचा सहायकाचा शाईचा डबा वाळला होता. सहायक म्हणाला, दिवाळी होऊ द्या, सोमवारी येतो.

घरी आल्यापासून काही गोड लागत नाही. त्याला विषानं जेवढं केलं नाही तेवढं या एका खुणेनं केलंय. काल तो आजारी माणूस होता, आज चुकलेला माणूस झाला. आणि हे सगळ्यांना सोयीचं आहे. दुकानदाराला, पाकीटवाल्याला, वरच्यांना. आता त्यालाही ते सोयीचं वाटायला लागलंय, याचा मला सगळ्यात राग येतो. त्याचाही राग येतो.

१९ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

केंद्रावर पणती लावली. गजाच्या घरी गेले नाही. काय बोलू.

सलीमला सांगायचं राहिलं ते राहिलंच.

२१ ऑक्टोबर, शनिवार, भाऊबीज

आज सगळं लिहून काढते.

सलीम दिवाळीच्या सुट्टीत खामगावला आलेला. सकाळी मोटारसायकलवर उंद्रीला, सोबत अम्मीनं दिलेला शेवयांचा डबा. दरवर्षी मी त्याला ओवाळते, त्याची अम्मी त्यासाठी त्याला नवा शर्ट घालून पाठवते. केंद्र बंद ठेवलं होतं. सलीम म्हणाला, गज्याले घेऊन येतो, दिवसभर मॉर्वेन. मी म्हटलं नको, त्याला दिसत नाही. तो म्हणाला, "आवाज तं येते न? तू वाच, तो सांगीन, मी माउस धरतो. पहिलेबी असंच तं होतं." आणि गेला.

गजा आला. अंघोळ केलेला, कुंकवाचं बोट लावलेला. दोघांना ओवाळलं. लॅपटॉप काउंटरवर, तिघं बाकड्यावर. पहिला अर्धा तास बरा गेला. नवे आवाज ऐकून गजा म्हणाला, "हा बुवा कोन्त्या शाळेत शिकला? आपला बुवा तं कफवाला होता." बऱ्याच दिवसांनी त्याच्या तोंडून काहीतरी टोचणारं निघालं. मी खूश.

मग जंगल. पुढं पाच-सहा राक्षस. मी स्पेसबार दाबला. या खेळातलं मला सगळ्यात आवडतं ते हे, सगळे आहेत तिथं थांबतात आणि तुम्हाला विचार करता येतो.

गजा म्हणाला, "झाडं कोन्या अंगाले हालून राह्यली?"

मी काही सांगायच्या आत सलीम बोलून गेला, "अबे झाडाचं काही नाही. हे पाय, लाल रिंगण येते. लाल तं दिसत असंन तुले?"

गजा पडद्याला नाक लावायला आला. "दिसते. लाल दिसते."

"त्याच्या भाईर उभं राह्यचं बस."

"अन् वारा?"

मी सलीमच्या पायावर पाय दिला. उशीर झाला होता. "वारा नसतेच बे याच्यात. पयलेबी नव्हता. तुह्यामुळं आपुन फुकट जंगलाले फेऱ्या मारत होतो," आणि हसला.

गजा हसला नाही. म्हणाला, "उजवीकून मार." सलीमनं मारला. "आता डावीकून." मारला. "आता मधी उभा राहून मार." सलीम माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, मार. बुवा स्वतःच्याच ढगात उभा राहिला, रिंगणाच्या मधोमध, खोकत खाली गेला. मूळ नियम होते.

बाहेर पोरं फटाके वाजवत होती. मला वाटलं आता हा उठून जाईल आणि सोमवारी मुकाट सही करील.

गजा म्हणाला, "म्हंजे पाठीशी घ्या का तोंडाशी घ्या, मधी उभा असला तं जाते."

सलीम म्हणाला, "अबे खेळ हाये हा, गज्या."

"वावरातबी नव्हता," गजा म्हणाला.

"काय नव्हता?"

"वारा. आत नव्हता." मग हातांनी दाखवायला लागला, हवेत, अंदाजानं. "वर शेंडे हालत होते, ते पाहूनच म्या पाठ देल्ली. बराबर देल्ली होती. पन आत तासात, दोन ओळीच्या मधी, पानबी हालत नव्हतं. पऱ्हाटी डोक्याच्या वर, दोन्हीकून भिंत. म्या मारलं ते तिथंच लटकून राह्यलं. म्या पुढं जावो, ते संगं. मले वाटे, वारा मांगून हाये, जाईन. कुठं जाईन? जागाच नव्हती जायाले."

इतके दिवस तो स्वतःला विचारत होता की वारा उलटा होता का सुलटा. वारा होता का, हे कुणी विचारलंच नाही. मीही नाही. मी तर त्याला पुन्हा पुन्हा सांगत होते, पाठीशीच घेतला असशील तू.

सलीमनं चष्मा काढून पुसला. म्हणाला, "पहिले तं पऱ्हाटी कमरेलोग राहे."

"कमरेलोग होती तवा वारा लागे," गजा म्हणाला. "बाच्या वक्ताले."

मग म्हणाला, भूक लागली. शेवया खाल्ल्या. खेळ तसाच थांबवलेला राहिला, बुवा रिंगणात पडलेला.

२२ ऑक्टोबर

सलीम गेला. जाताना माझ्याकडे बघून, "नवा इतका वाईट नाही मग?" म्हटलं, वाईटच आहे. चिमणीचं नाक परत आणून दे, मग बोलू.

पण रिंगण दाखवतात ते बरं करतात. हे मी फक्त इथं लिहितेय.

२३ ऑक्टोबर, सोमवार

घरी नको म्हणून गजानंच सहायकाला माझ्या केंद्रावर बोलावलं. सकाळीच येऊन बाहेरच्या बाकड्यावर बसला, रंजना सोबत. तिला काही पसंत नव्हतं, पण आली होती.

सहायक आला. कागद काढला, नवा शाईचा डबा काढला. गजा म्हणाला, "ते खून खोडा पयले."

"काका, मग अनुकूल करू? पण वरून..."

"अनुकूल नाही. वारा नव्हताच आत. तसं लिवा. पऱ्हाटी डोक्याच्या वर होती अन् आत वारा नव्हता."

सहायकानं कागद उलटसुलट पाहिला. खरंच पाहिला, मला त्याची कीव आली. म्हणाला, "काका, रकाने दोनच आहेत. अनुकूल किंवा प्रतिकूल. तिसरा रकाना नाही."

मी म्हटलं, हातानं लिहा खाली.

"छापील आहे ताई. हातानं लिहिलेलं वर घेत नाहीत. आणि तुम्ही तिथं होता का?"

नव्हते. मला काय काय बोलायचं होतं ते या पानावर मावणार नाही. अख्ख्या तालुक्यात पऱ्हाटी वाढली, कागद मात्र कमरेएवढ्याच पऱ्हाटीचा.

तेवढ्यात रंजना बोलली. मला वाटलं सही करा म्हणेल. म्हणाली, "म्या भाकर घेऊन गेलती तवा आत शिरली होती. दम कोंडत होता. पानबी हालत नव्हतं. मले कोनी इचारलंच नाही." पदर तोंडाला लावला.

सहायकानं पेन खिशात ठेवलं, परत काढलं. "मी साहेबांना विचारून बघतो. पण सांगून ठेवतो, असा जबाब लांबतो. फाइल अडकून राहील. सही असती तर आज संपलं असतं."

गजा म्हणाला, "तिसरा रकाना आखून आना. तवर मी इथंच बसून हावो."

सहायक हसला, मग त्याला कळलं की हा गमतीनं म्हणत नाही. गाडी गेली. केव्हा येईल सांगितलं नाही.

दुपारी रंजना घरी गेली. गजा बाकड्यावरच. जाणाऱ्या-येणाऱ्याला आवाजावरून ओळखतो, नावानं हाक मारतो, आणि कुणी विचारलं की सांगतो, वारा नव्हता. चार वाजता मी चहा नेला तर म्हणाला, "ते लाल रिंगण वावरात दिसलं असतं तं बरं झालं असतं, नाही?"

केंद्र बंद करायची वेळ झाली आहे. तो अजून उठलेला नाही.